विश्लेषण : सॉफ्टवेअर खरंच हार्डवेअर बिघडवू शकतं का? ‘मेमरी मॅपिंग’ आणि २००८च्या बगची गोष्ट

सॉफ्टवेअर बिघडलं तर फार तर कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागेल, हार्डवेअरला काय होणार? असा आपला साधारण समज असतो. सप्टेंबर २००८मध्ये हा समज खोटा ठरला. लिनक्सची येऊ घातलेली आवृत्ती तपासून पाहणाऱ्या लोकांच्या कॉम्प्युटरमधली इंटेलची नेटवर्क कार्डं बंद पडू लागली. रीस्टार्ट करून झालं, जुनी आवृत्ती पुन्हा टाकून झाली, तरी ती चालू होईनात. कारण बिघाड डिस्कवरच्या फाइलमध्ये नव्हता, खुद्द कार्डाच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या चिपमध्ये झाला होता.

गंमत म्हणजे, ज्या कोडमुळे हे झालं त्याचा नेटवर्कशी काडीचाही संबंध नव्हता. मग तो कोड कार्डापर्यंत पोहोचला कसा? याचं उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात दडलेल्या एका व्यवस्थेत आहे. तिचं नाव मेमरी मॅपिंग. तुमच्या हातातला फोनही प्रत्येक क्षणी याच व्यवस्थेवर चालतो. म्हणून ती समजून घेऊया.

नेमकं काय घडलं होतं?

लिनक्स कर्नलची २.६.२७ ही आवृत्ती तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होती. उबुंटू, ओपनसुसे, फेडोरा, मॅन्ड्रिव्हा अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये हा कर्नल होता. तो वापरणाऱ्या काहींच्या कॉम्प्युटरवर सुरू होताना एक संदेश दिसू लागला. नेटवर्क कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीचा ताळा जुळत नाही, असा त्याचा अर्थ.

ही कायमस्वरूपी मेमरी म्हणजे वीज गेली तरी न पुसली जाणारी छोटी साठवण. कार्डाचा मॅक पत्ता आणि सुरुवातीच्या सेटिंग्ज तिच्यात असतात. तीच खराब झाली की ड्रायव्हर कार्ड सुरूच करत नाही. फटका बसला तो इंटेलच्या ‘ई१०००ई’ ड्रायव्हरवर चालणाऱ्या, मदरबोर्डवरच बसवलेल्या कार्डांना. म्हणजे कार्ड काढून दुसरं लावावं, तर तीही सोय नाही. ज्यांनी आधी या मेमरीची प्रत काढून ठेवली होती त्यांना ती परत लिहिण्याची तरी आशा होती. पण अशी प्रत कोण काढून ठेवतं?

तपास करणंही अवघड होतं. एरवी बग सापडेपर्यंत तो पुन्हा पुन्हा घडवून पाहता येतो. इथे प्रत्येक यशस्वी प्रयोगाची किंमत म्हणजे एक निकामी कार्ड. सुरुवातीला संशय ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरवर गेला, मग खुद्द ड्रायव्हरवर. मूळ सापडेपर्यंत काही वितरणांनी हा ड्रायव्हरच तात्पुरता बंद करून टाकला.

मेमरी मॅपिंग म्हणजे काय?

प्रोसेसरला खरं तर दोनच गोष्टी चांगल्या जमतात. एखाद्या पत्त्यावरून वाचणं आणि एखाद्या पत्त्यावर लिहिणं. मग नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, यूएसबी या उपकरणांशी त्यानं बोलायचं कसं?

इंजिनीअरिंग किंवा डिप्लोमा केलेल्यांना ८०८५ मायक्रोप्रोसेसरचा पेपर आठवत असेल. ‘मेमरी मॅप्ड आयओ आणि आयओ मॅप्ड आयओ यांतील फरक लिहा’ हा त्यातला हमखास प्रश्न. त्याचं उत्तर असं. पहिला मार्ग म्हणजे उपकरणांसाठी वेगळे क्रमांक ठेवायचे, त्यांना पोर्ट म्हणायचं. ८०८५मध्ये असे २५६ पोर्ट होते, पुढे इंटेलच्या पीसी प्रोसेसरांत ते ६५,५३६ झाले. दुसरा मार्ग म्हणजे मेमरीच्याच पत्त्यांपैकी काही पत्ते उपकरणांना देऊन टाकायचे. त्या पत्त्यावर प्रोसेसरनं लिहिलं की ते रॅममध्ये न जाता बसवरून थेट उपकरणाकडे जातं. हा दुसरा मार्ग म्हणजे मेमरी मॅप्ड आयओ.

ही कल्पना जुनी आहे. १९७०मध्ये आलेल्या पीडीपी-११ या कॉम्प्युटरच्या युनिबस नावाच्या बसवर पत्त्यांचा सर्वात वरचा ८ किलोबाइटचा पट्टा उपकरणांसाठी राखून ठेवलेला असे. आज पीसीआय बसवरचं प्रत्येक उपकरण आपल्याला किती जागा लागेल हे स्वतः सांगतं आणि कॉम्प्युटर सुरू होताना त्याला पत्ते वाटून दिले जातात.

याचा एक परिणाम अनेकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. जुन्या ३२-बिट विंडोजवर ४ जीबी रॅम टाकली तरी ‘तीन-सव्वातीन जीबीच’ का दिसते, असा प्रश्न तेव्हा दुकानदाराला हमखास विचारला जायचा. रॅम खोटी नव्हती. ३२ बिटांत ४ जीबी इतकेच पत्ते मावतात. त्यातले काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांनी अडवलेले असत. तेवढ्या रॅमला पत्ताच उरत नसे.

उपकरण मेमरीसारखं दिसतं, मग अडचण काय?

अडचण हीच की ते मेमरीसारखं दिसतं, पण मेमरीसारखं वागत नाही.

मेमरीतून तुम्ही एक आकडा दहा वेळा वाचलात तरी तो तसाच राहतो. उपकरणाचं तसं नाही. इंटेलच्या याच नेटवर्क कार्डांच्या कुळात एक रजिस्टर असं आहे, जे वाचलं की आपोआप कोरं होतं. ‘मला कशासाठी हाक मारली होतीस?’ असं ड्रायव्हरनं एकदा विचारलं की कार्ड उत्तर देऊन पाटी पुसून टाकतं. चुकून दोनदा वाचलं तर दुसऱ्यांदा काहीच मिळत नाही. म्हणजे नुसतं वाचणं हीसुद्धा कृती ठरते.

लिहिण्याचंही तेच. मेमरीत ‘१’ लिहिलं तर तिथे १ साठवला जातो. उपकरणाच्या रजिस्टरमध्ये ‘१’ लिहिणं म्हणजे ‘काम सुरू कर’, ‘रीसेट हो’ किंवा ‘हा भाग पुसून टाक’ अशी आज्ञा असू शकते.

त्यात प्रोसेसर आणि कंपायलर दोघेही वेळ वाचवायला टपलेले असतात. हा आकडा आत्ताच वाचला होता, पुन्हा कशाला जायचं, म्हणून ते जवळच्या कॅशमधली जुनी प्रत देतात. दोन कामांचा क्रम बदलतात. मेमरीसाठी ही हुशारी चालते, उपकरणासाठी ती घातक ठरते.

बसची स्वतःचीही एक सवय आहे. पीसीआयवर लिहिलेली आज्ञा वाटेत काही काळ थांबू शकते. ड्रायव्हरला वाटतं, ‘थांब’ हा निरोप पोहोचला. प्रत्यक्षात तो अजून रस्त्यात असतो. तो नक्की पोहोचवायचा असेल तर ड्रायव्हर त्याच उपकरणातून काहीतरी परत वाचून घेतो. वाचनाचं उत्तर यायचं तर आधीचं लिखाण पुढे सरकावंच लागतं.

मग कर्नल हे सगळं सांभाळतो कसा?

इथे इंटरफेसची रचना महत्त्वाची ठरते. इंटरफेस म्हणजे कर्नलनं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी घालून दिलेला व्यवहाराचा रस्ता.

लिनक्समध्ये तो साधारण असा आहे. ड्रायव्हर आधी कर्नलकडे नोंदणी करतो की हा पत्त्यांचा पट्टा माझा, दुसऱ्या कोणाला देऊ नका. मग ‘आयओरीमॅप’ नावाचं फंक्शन बोलावतो. ते उपकरणाचा खरा पत्ता कर्नलच्या आभासी पत्त्यांच्या नकाशात बसवतं आणि इथे कॅश वापरायची नाही, अशी खूणही करून ठेवतं. त्यानंतर ड्रायव्हरनं त्या पत्त्यावर थेट हात घालायचा नाही. ‘रीडएल’ आणि ‘राइटएल’ अशी ठरलेली फंक्शनंच वापरायची. क्रम, बाइट्सची मांडणी, कंपायलरची हुशारी या सगळ्याची काळजी ती घेतात.

नियम साधा वाटतो, पण तो पाळला जाईलच याची खात्री काय? इंटेलच्या पीसीवर हा नियम मोडून थेट पत्त्यावर लिहिलं तरी बहुतेक वेळा काम होऊन जातं. तोच ड्रायव्हर दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेला की कोसळतो. म्हणून लिनक्समध्ये अशा पत्त्यांवर ‘आयओमेम’ अशी खूण लावण्याची पद्धत आली. ही खूण असलेला पत्ता कोणी साध्या मेमरीसारखा वापरला तर ‘स्पार्स’ नावाचं तपासणीचं साधन लगेच बोट दाखवतं. प्रोग्राम चालण्याआधीच चूक पकडली जाते.

नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं १९९०च्या दशकातच एक पाऊल पुढे टाकलं होतं. तिला अनेक जातींच्या कॉम्प्युटरांवर चालायचं होतं. म्हणून तिच्या ‘बस स्पेस’ इंटरफेसमध्ये ड्रायव्हरला प्रत्यक्ष पत्ता दिलाच जात नाही. त्याला दोन टोकन मिळतात. कोणत्या बसवर जायचं याचं एक आणि त्या बसवरच्या कोणत्या पट्ट्यात जायचं याचं दुसरं. वाचताना-लिहिताना ही टोकन दाखवायची. पलीकडे पोर्ट आहे की मेमरी, बाइट्स कोणत्या क्रमाने आहेत, याची ड्रायव्हरला गरजच नाही. एकच ड्रायव्हर वेगवेगळ्या यंत्रांवर चालू शकतो, तो यामुळेच.

मग २००८मध्ये चुकलं कुठे?

२.६.२७मध्ये ‘एफट्रेस’ नावाची एक नवी सोय आली होती. कर्नलमधलं कोणतं फंक्शन कधी चाललं याचा माग ठेवणारी. त्यासाठी प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी माग ठेवणाऱ्या कोडला एक हाक पेरलेली असे. पण माग नको असेल तेव्हा ही हाक वेळ खाते. म्हणून एफट्रेस अशा सगळ्या जागांचे पत्ते यादीत टिपून ठेवायचं आणि थोड्या वेळाने त्या पत्त्यांवर जाऊन हाकेच्या जागी ‘काही करू नको’ ही सूचना लिहायचं.

आता गडबड पाहा. ड्रायव्हर मॉड्यूलमधला काही कोड फक्त सुरुवातीला एकदा लागतो. तो चालून झाला की कर्नल ती जागा मोकळी करतो. जागा मोकळी झाली, पण एफट्रेसच्या यादीतले पत्ते तसेच राहिले. ३२-बिट पीसीवर मॉड्यूलचा कोड आणि आयओरीमॅप दोघांनाही जागा एकाच पट्ट्यातून मिळे. त्यामुळे तीच मोकळी जागा पुढे ई१०००ई ड्रायव्हरला मिळाली. त्यानं तिथे कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीची नियंत्रणं बसवली. आणि यादी घेऊन एफट्रेस तिथे पोहोचलं.

एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे कोणत्या खोल्यांमधला बल्ब बदलायचा याची जुनी यादी आहे. दरम्यान २०३ नंबरची खोली रिकामी होऊन तिथे लिफ्टचं नियंत्रण बसवलं गेलं. यादीतून २०३ कोणी खोडला नाही. दारावर पाटी नाही. इलेक्ट्रिशियन आत जातो आणि बटणाला हात घालतो.

इथे वाचक विचारतील, एफट्रेसनं लिहिण्याआधी तिथे अपेक्षित तेच आहे का, हे पाहिलं नाही? पाहिलं होतं. त्यासाठी प्रोसेसरची ‘तुलना करा आणि जुळलं तरच बदला’ अशी एक खास सूचना वापरली होती. पण या सूचनेचा एक बारकावा आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर तुलना जुळली नाही तरी ती वाचलेलाच आकडा परत त्याच पत्त्यावर लिहिते. साध्या मेमरीत याने काहीच बिघडत नाही, होता तोच आकडा पुन्हा लिहिला जातो. पण पत्त्यापलीकडे उपकरणाचं रजिस्टर असेल तर ते लिखाण म्हणजे आज्ञा. इलेक्ट्रिशियननं ‘हा बल्ब नाही’ हे ओळखलं, पण ओळखण्यासाठी बटण दाबून पुन्हा पूर्ववत केलं. तेवढ्यात व्हायचं ते झालं.

सुटा सुटा विचार केला तर प्रत्येकाचं वागणं समजण्याजोगं होतं. ड्रायव्हरनं नियमानं जागा मागितली. कर्नलनं मोकळी जागा दिली. एफट्रेसनं तपासून लिहायचा प्रयत्न केला. घात झाला तो एका गृहीतकाने. ‘हा पत्ता म्हणजे मेमरीच असणार’ हे गृहीत धरलं गेलं होतं.

दुरुस्ती काय झाली?

ती दोन्ही बाजूंनी झाली. मूळ कारण स्पष्ट होण्याआधीच ई१०००ई ड्रायव्हरमध्ये कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीला लेखनबंदी करण्याची सोय आली. कोण लिहितंय ते नंतर शोधू, आधी कुलूप लावू, असा तो विचार होता. ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ आवृत्ती प्रसिद्ध झाली. नंतर एफट्रेसचा धागा पक्का झाला आणि १५ ऑक्टोबरला आलेल्या २.६.२७.१ या दुरुस्ती आवृत्तीत चालू कोड बदलण्याची एफट्रेसची ती सोयच बंद करण्यात आली.

पुढे एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड्ट यांनी तो भाग नव्याने बांधला. जागांची यादी आता कर्नल चालू असताना नव्हे, कंपाइल करतानाच तयार होऊ लागली. लिहिण्याआधी सुरक्षितपणे वाचून तुलना करायची आणि जुळलं तरच लिहायचं, अशी पद्धत आली. न जुळल्यास एफट्रेस तक्रार नोंदवून थांबतं. आज हेच साधन जगभर वापरलं जातं.

नवे इंटरफेस यातून काय शिकले?

एक धडा नावांचा आहे. लिनक्समध्ये बरीच वर्षं आयओरीमॅपच्या जोडीला ‘आयओरीमॅप नोकॅश’ असंही फंक्शन होतं. नावावरून वाटे की पहिलं कॅशसह आणि दुसरं कॅशशिवाय चालतं. प्रत्यक्षात दोन्ही एकच काम करत. २०२०मध्ये ५.६ आवृत्तीत हे दुसरं नाव काढून टाकण्यात आलं. वाचणाऱ्याचा गैरसमज करून देणारं नाव हीसुद्धा इंटरफेसमधली त्रुटीच.

दुसरा धडा मालकीचा. जागा सोडल्यावर जुना पत्ता कोणाच्याही हातात राहता कामा नये. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये रस्ट या भाषेला प्रवेश मिळाला. रस्टमधल्या ड्रायव्हरसाठी तयार झालेल्या रचनेत उपकरणाचा पट्टा ही एक स्वतंत्र वस्तू मानली जाते. तिची लांबी माहीत असते, त्यामुळे पट्ट्याबाहेरचं वाचन-लिखाण अडवता येतं. आणि उपकरण काढून घेतलं गेलं की त्या पट्ट्यात शिरण्याची परवानगीच रद्द होते. म्हणजे जुनी यादी हातात असली तरी दार उघडत नाही.

उपकरणाकडूनही धोका असतो का?

हो. आतापर्यंत आपण प्रोसेसर उपकरणाला कसा हात लावतो ते पाहिलं. पण वेग वाढवण्यासाठी उपकरणंही प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये वाचन-लेखन करतात. याला डीएमए म्हणतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मध्ये ‘आयओएमएमयू’ नावाचा पहारेकरी असतो. कोणत्या उपकरणाला रॅमचा कोणता भाग दिसावा, हे तो ठरवतो.

पण पहारेकरी नेमला म्हणजे काम झालं, असं नाही. त्याला कोणती यादी दिली आहे हेही महत्त्वाचं. फेब्रुवारी २०१९मध्ये केंब्रिज विद्यापीठ, राईस विद्यापीठ आणि एसआरआय इंटरनॅशनल इथल्या संशोधकांनी ‘थंडरक्लॅप’ हे संशोधन प्रसिद्ध केलं. थंडरबोल्ट पोर्टला लावलेलं बनावट उपकरण पहारेकरी असूनही कॉम्प्युटरवर कसा ताबा मिळवू शकतं, हे त्यांनी दाखवलं. कारण अनेक ऑपरेटिंग सिस्टिम उपकरणाला गरजेपेक्षा जास्त मेमरी दाखवत होत्या. त्रुटी पुन्हा मॅपिंगमध्येच होती.

माझ्या फोनशी याचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नलच आहे. फोनमध्ये असतात त्या एआरएम प्रोसेसरमध्ये पोर्टची वेगळी वाट नाही. डिस्प्ले, कॅमेरा, साठवण, चार्जिंग या सगळ्यांची नियंत्रकं मेमरीच्या पत्त्यांवरच बसलेली असतात. तुम्ही ही ओळ वर सरकवलीत, तेव्हाही कर्नलनं कुठल्या तरी पत्त्यावर वाचलं आणि दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्यावर लिहिलं. त्यातल्या प्रत्येक पत्त्यापलीकडे मेमरी आहे की उपकरण, हे त्याला अचूक माहीत असावं लागतं.

थोडक्यात

– उपकरणं प्रोसेसरला मेमरीच्या पत्त्यांसारखी दिसतात, पण तिथे वाचणं-लिहिणं म्हणजे आज्ञा देणं असतं.

– म्हणून कर्नल ड्रायव्हरना थेट पत्ता वापरू न देता ठरलेली फंक्शनं, खुणा किंवा टोकन वापरायला लावतो.

– २००८मध्ये जुन्या यादीतल्या एका पत्त्यामुळे इंटेलची नेटवर्क कार्डं निकामी झाली, कारण पत्त्याचा मालक बदलला तरी यादी बदलली नव्हती.

– फोन किंवा लॅपटॉपचा सिस्टिम अपडेट आला की ‘नंतर आठवण करा’ दाबण्याचा मोह होतो. त्या अपडेटमध्ये अनेकदा अशाच पत्त्यांच्या दुरुस्त्या असतात. त्या स्क्रीनवर दिसत नाहीत, पण टाळू नयेत. अनोळखी चार्जर, डॉक किंवा केबल लॅपटॉपच्या थंडरबोल्ट पोर्टला लावण्याआधी मात्र जरूर थांबावं.